वर्कशॉपचा हिशेब: एकेका जॉबचा खरा खर्च कसा काढायचा

वर्षाअखेरीला नफा-तोटा पत्रक हातात येतं, नफा दिसतो, पण तो कोणत्या कामातून आला हे मालकाला सांगता येत नाही. दुरुस्ती आणि फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये ही गोष्ट नेहमीची. आज मशीनचा स्टँड, उद्या पंपाची दुरुस्ती, परवा लोखंडी जिना. प्रत्येक कामाचं गणित वेगळं, पण पत्रकात सगळी कामं एकत्र कालवली जातात. मग चार फायद्याची कामं दोन तोट्याच्या कामांना वर्षभर पोसत राहतात आणि तोट्याचं काम आणणारं गिऱ्हाईक 'आपलं जुनं, चांगलं गिऱ्हाईक' म्हणून मिरवतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बहुतेक वर्कशॉपचे पैसे मालात जात नाहीत, तासांत जातात. माल डोळ्यांना दिसतो, काट्यावर चढतो, त्याचं बिल येतं. तासाचं बिल कुणी पाठवत नाही. म्हणून या लेखात पुढे तासांच्या हिशेबावर जास्त भर आहे. उदाहरणांतल्या रकमांपुढे चलन मुद्दाम लिहिलेलं नाही. आकडे पद्धत कळण्यापुरते आहेत, दर तुम्ही तुमचे घाला.

आधी खाती वेगळी करा

'खरेदी' आणि 'खर्च' अशी दोनच मोठी खाती असतील, तर जॉबचा हिशेब जन्मात निघणार नाही. खर्चाचे दोन गट पाडा. एखाद्या ठरावीक कामावर बोट ठेवून 'हा याचाच' म्हणता येतो तो थेट खर्च: कच्चा माल, सुटे भाग, कारागिरांची मजुरी, बाहेरून करून घेतलेलं काम (गॅल्व्हनायझिंग, हार्डनिंग, लेझर कटिंग), त्या कामापुरती वाहतूक. बाकी सगळा वरकड खर्च: जागेचं भाडं, ऑफिस, विमा, फोन, घसारा (वापराने दरवर्षी घटणारी मशीनची किंमत), देखभाल, हिशेबनिसाची फी, सुपरवायझरचा पगार.

बाहेरच्या जॉबवर्कचं खातं मालापासून वेगळं ठेवाच. ते मालात मिसळलं, की माल महाग झाला की आपण जास्त काम बाहेर पाठवू लागलो, हे कळत नाही. भंगाराच्या विक्रीलाही स्वतंत्र खातं हवं. भंगाराचे पैसे रोख येतात आणि गल्ल्यातून परस्पर खर्चून जातात. महिन्याला किती भंगार निघतं हे माहीत नसेल, तर माल किती वाया जातो हेही माहीत नसतं.

आणि मालकाचा पगार. मालक स्वतः वेल्डिंगला बसत असेल, कोटेशन काढत असेल, तर त्या कामासाठी दुसरा माणूस ठेवला असता तर त्याला जे द्यावं लागलं असतं, ती रक्कम खर्चात धरा. खातेवहीत ती उचल म्हणून भांडवली खात्यात जात असेल तर जाऊ द्या, तो कायद्याचा आणि कराचा प्रश्न आहे. जॉबच्या गणितात मात्र ती हवीच. नाहीतर नफा म्हणून जे दिसतं ती मालकाचीच मजुरी असते.

जॉब नंबर आणि जॉब कार्ड

काम दारात आलं की त्याला नंबर पडला पाहिजे. नंबर नाही तर स्टोअरमधून माल नाही, हा एकच नियम कडक पाळला तरी अर्धी लढाई जिंकली. फार हुशारीचे नंबर करू नका. वर्ष आणि क्रम पुरे. फक्त कामाचा प्रकार कळेल असं एक अक्षर पुढे लावा: दुरुस्तीला 'दु', फॅब्रिकेशनला 'फ', तक्रारीवर परत आलेल्या कामाला 'त'. वर्षाअखेरीला याच अक्षरांवरून गाळणी लावता येते.

कार्डावर काय हवं? गिऱ्हाईक, कामाचं वर्णन, कबूल केलेली तारीख, अंदाजित तास आणि माल. खाली रकाने: तारीख, माणूस, कोणतं काम (कापणी, जुळणी, वेल्डिंग, ग्राइंडिंग, रंग), सुरू, बंद. मागच्या बाजूला माल: काय, किती लांबीचं किंवा वजनाचं, परत किती आलं. हे कार्ड कामासोबत फिरतं, ऑफिसात राहत नाही. तेलकट होईल, होऊ द्या.

तासांची नोंद त्याच दिवशी, शक्यतो काम बदलताना व्हावी. शनिवारी बसून आठवड्याचे तास आठवून लिहिले, की सगळ्यांचे तास बरोबर आठ भरतात आणि प्रत्येक जॉबला अंदाजाएवढेच लागलेले दिसतात! अशी कार्डं न ठेवलेली बरी, कारण त्यांच्यावर विश्वास बसतो. पंधरा मिनिटांचा टप्पा पुरेसा आहे. मिनिटामिनिटाचा हिशेब मागितलात तर कारागीर खोटंच लिहितील, आणि त्यात त्यांची चूक नसेल.

कारागिरांना एक गोष्ट स्पष्ट सांगावी लागते: हे कार्ड त्यांच्यावर पाळत ठेवायला नाही, पुढचं कोटेशन बरोबर निघावं म्हणून आहे. जास्त तास लिहिणाऱ्याला एकदा जरी सगळ्यांसमोर बोललात, तर त्या दिवसापासून खरे तास तुम्हाला कधीच दिसणार नाहीत.

तासाचा खरा दर

इथे सगळ्यात जास्त चूक होते. समजा तीन कारागीर आहेत. एकेकाचा वर्षाचा एकूण खर्च, म्हणजे पगार, बोनस, भविष्यनिर्वाह निधीतला मालकाचा वाटा, विमा, सुरक्षेचं सामान, सगळं धरून २,४०,००० आहे. पगारी दिवस ३००, रोज ८ तास, म्हणजे २,४०० तास. भागाकार केला की तासाला १०० येतात. बहुतेक जण इथेच थांबतात आणि कोटेशनमध्ये १०० लावतात.

आता विकले गेलेले तास मोजा. भरपगारी रजा आणि आजारपणाचे २० दिवस गेले, उरले २८० दिवस, म्हणजे २,२४० तास. त्यांतले सगळे जॉबवर जात नाहीत. गाडीतून माल उतरवणं, झाडलोट, मशीन बिघडलं, वीज गेली, ड्रॉइंगची वाट पाहिली, चुकलेलं काम पुन्हा केलं. समजा ७० टक्के तास जॉबवर लागले, तर माणशी १,५६८. तिघांचे मिळून सुमारे ४,७००. मजुरीचे ७,२०,००० भागिले ४,७०० म्हणजे १५३. कागदावर १०० चा असलेला तास प्रत्यक्षात १५३ ला पडतो, आणि अजून भाडं, वीज, घसारा यांतलं काहीच धरलेलं नाही.

हे ७० टक्के मी उदाहरणासाठी घेतले. तुमचा आकडा तुमच्या कार्डांतूनच काढायचा: जॉब कार्डांवरच्या तासांची बेरीज भागिले हजेरीचे तास. पहिल्या महिन्यात हा आकडा पाहून मालकाला धक्का बसतो. तो फारच वर, पंचाण्णवच्या घरात आला, तर समजा की कार्डं मनाने भरली आहेत.

मग वरकड खर्च. वर्षाचा ५,६४,००० असेल तर ४,७०० तासांवर वाटून तासाला १२० येतात. मजुरी १५३ आणि वरकड १२० मिळून २७३. तास विकायचा तर २७३ ही त्याची पडतळ, यात नफा शून्य.

वरकड खर्च मजुरीच्या रकमेवर टक्क्यांत लावायची पद्धतही आहे. मला ती पटत नाही. मुरलेला फिटर आणि नवखा हेल्पर दोघेही तेवढीच जागा अडवतात, तेवढाच उजेड वापरतात. टक्क्यांनी लावलं की फिटरच्या जॉबवर विनाकारण जास्त भार पडतो. मालाच्या किमतीवर टक्के लावणं त्याहून वाईट. स्टेनलेस स्टीलचा जॉब केवळ माल महाग म्हणून भाड्याचा मोठा वाटा उचलतो आणि साध्या लोखंडाचा किचकट जॉब स्वस्तात सुटतो.

मोठी मशीन असतील (लेथ, मिलिंग, प्रेस ब्रेक, सीएनसी) तर त्यांचा दर तासावर वेगळा काढा. समजा मशीन ६,००,००० चं आहे, १० वर्षं चालेल आणि शेवटी ६०,००० ला विकलं जाईल. सरळ पद्धतीने वर्षाचा घसारा ५४,०००. देखभाल आणि टूलिंग ३०,०००. ते वर्षाला ९०० तास प्रत्यक्ष चालतं. ८४,००० भागिले ९०० म्हणजे तासाला साधारण ९३, वर वीज. हा दर वेगळा काढलात तर तो घसारा आणि ती देखभाल वरकड खर्चाच्या बेरजेतून वजा करायला विसरू नका. नाहीतर एकच खर्च गिऱ्हाइकाला दोनदा लागतो आणि कोटेशन हातचं जातं.

एक बारीक मुद्दा. दर नेहमीच्या क्षमतेवर काढायचा, चालू महिन्याच्या कामावर नाही. मंदीत तास कमी विकले गेले म्हणून वरकड खर्च थोड्या तासांवर वाटला, तर दर वाढतो, दर वाढला की काम आणखी कमी होतं. साठ्याच्या हिशेबाचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएएस २, हेच सांगतं: उत्पादनाचा स्थिर वरकड खर्च सर्वसाधारण क्षमतेनुसार लावा, आणि रिकाम्या क्षमतेचा न वसूल झालेला भाग त्या त्या काळाचा खर्च म्हणून दाखवा. जॉबच्या गळ्यात बांधू नका.

माल: वजन, काप आणि उरलेले तुकडे

लोखंडाचं वजन काढायला काटा लागत नाही. पोलादाची घनता घनमीटरला ७,८५० किलो. त्यामुळे पत्रा किंवा प्लेट: जाडी मिमीमध्ये गुणिले ७.८५, आलं चौरस मीटरला किती किलो. गोल सळई: व्यासाचा वर्ग भागिले १६२, आलं मीटरला किती किलो, १२ मिमीची सळई ०.८९ किलो. पाइप: बाहेरचा व्यास वजा जाडी, गुणिले जाडी, गुणिले ०.०२४६६. पुरवठादाराचं बिल या गणिताशी ताडून पाहायची सवय लावा. पत्रा ठरल्यापेक्षा पातळ निघाला तर तो इथेच पकडला जातो.

फरक पडतो तो कापणीत. समजा १.२ मीटरचे, ०.८ मीटरचे आणि ०.७५ मीटरचे प्रत्येकी चार तुकडे हवे आहेत, अँगल ६ मीटरच्या लांबीत मिळतो. कागदावर १.२ चे तीन आणि ०.८ चे तीन मिळून बरोबर ६ मीटर होतात. मांडणी झकास! पण कटिंग व्हीलची जाडी ३ मिमी धरली तर पाच कापांत १५ मिमी भुसा होऊन जातो आणि शेवटचा तुकडा तेवढा आखूड पडतो. म्हणून मांडणी बदलायची: एका लांबीत १.२ चे चार आणि ०.८ चा एक, दुसरीत ०.८ चे तीन आणि ०.७५ चे चार. उरतात सुमारे ३८५ मिमी आणि ५७९ मिमीचे तुकडे.

या तुकड्यांचं काय करायचं, याचा नियम आधी ठरलेला हवा. मी असा ठेवतो: अख्ख्या लांब्या जॉबला नावे टाकायच्या. अर्ध्या मीटरपेक्षा मोठा तुकडा स्टोअरला परत आला, मोजून रॅकवर ठेवला आणि त्यावर माप लिहिलं, तरच जॉबला तेवढं जमा. त्यापेक्षा लहान तो भंगार. 'कधीतरी लागेल' म्हणून कोपऱ्यात टाकलेला तुकडा जॉबला जमा करायचा नाही. तो सापडत नाही आणि सापडला तरी त्याची ग्रेड कोणती हे कुणी छातीठोकपणे सांगत नाही.

साठ्यातल्या मालाला दर कोणता लावायचा? हिशेबासाठी 'आधी आलेला आधी गेला' किंवा भारित सरासरी, यांतली एक पद्धत धरा आणि बदलू नका. कोटेशनला मात्र आजचा बाजारभाव लावा. लोखंडाचे भाव हलते असतात. सहा महिन्यांपूर्वी स्वस्तात घेतलेला माल त्या भावाने विकलात, तर तोच माल परत भरताना खिशातून भर घालावी लागते. कोटेशनवर मुदत टाकण्याचं कारणही हेच.

इलेक्ट्रोड, गॅस, रंग

ग्राइंडिंग व्हील, इलेक्ट्रोडचं पाकीट, टेप, चिंध्या यांचा जॉबवार हिशेब ठेवत बसू नका. वर्षाचा एकूण वापर तासांवर वाटून वेल्डिंग-ग्राइंडिंगच्या तासाला एक रक्कम लावली की झालं. अपवाद मोठ्या वेल्डिंगच्या कामांचा. तिथे गणित करण्याजोगं असतं.

फिलेट वेल्ड म्हणजे काटकोनातल्या दोन भागांच्या कोपऱ्यात भरलेला तिकोनी सांधा, लेग म्हणजे त्याची एक बाजू. ६ मिमी लेगच्या फिलेट वेल्डचा छेद १८ चौरस मिमी, म्हणजे मीटरला सुमारे १४१ ग्रॅम धातू. काठी इलेक्ट्रोडमध्ये स्लॅग, शिंतोडे आणि फेकलेलं टोक धरून जवळपास दोन तृतीयांशच वजन सांध्यात उतरतं. मिगच्या (सतत सरकणारी तार आणि गॅस वापरणाऱ्या वेल्डिंगच्या) भरीव तारेत ते नव्वद टक्क्यांच्या वर जातं. आता वेल्डरने 'मजबूत होऊ दे' म्हणून ६ च्या जागी ८ मिमी मारला तर छेद ३२ चौरस मिमी होतो. धातू ७८ टक्के जास्त, आर्कचा वेळही जवळपास तेवढाच जास्त, वर जॉब वाकतो आणि तो सरळ करायला आणखी वेळ. ड्रॉइंगवर वेल्डचं माप लिहिणं आणि वेल्डरच्या खिशात गेज देणं ही खर्च कमी करायची सगळ्यात स्वस्त युक्ती आहे.

मिगमध्ये सांध्यावर सोडायच्या गॅसचं सोपं: मिनिटाला १५ लिटरने आर्कच्या तासाला ९०० लिटर. ७ घनमीटरचा सिलिंडर आर्कचे जेमतेम आठ तास चालतो. त्याहून फार लवकर संपत असेल तर गळती शोधा.

रंगासाठी: घन भागाचे (सुकल्यावर उरणाऱ्या भागाचे) आकारमानाने टक्के गुणिले १०, भागिले सुकलेल्या थराची जाडी मायक्रॉनमध्ये, आलं लिटरला किती चौरस मीटर. ५० टक्के घन भाग आणि ४० मायक्रॉनचा थर असेल तर १२.५ चौरस मीटर. स्प्रेची तीस टक्के नासाडी धरली तर पावणेनऊ.

एक जॉब शेवटपर्यंत

वरचे तुकडे एका स्टँडचे आहेत: ५०×५०×६ चा अँगल आणि वर १.२ × ०.८ मीटरची ५ मिमीची प्लेट. अँगल मीटरला ४.५ किलो. दोन लांब्या ५४ किलो, परत आलेला ५७९ मिमीचा तुकडा २.६ किलो, निव्वळ ५१.४ किलो. दर किलोला ६० धरला तर ३,०८४. प्लेट ३७.७ किलो, २,२६१. किरकोळ साहित्य ३५०. रंगायचं क्षेत्रफळ सुमारे ४.१ चौरस मीटर, दोन हात, म्हणजे अंदाजे एक लिटर, ३००. एकूण माल ५,९९५.

तासांचा अंदाज: कापणी २, जुळणी आणि टॅक २, वेल्डिंग अडीच, ग्राइंडिंग दीड, रंग २. एकूण १०. गुणिले २७३ म्हणजे २,७३०. पडतळ ८,७२५.

विक्रीच्या २० टक्के नफा हवा असेल, तर ८,७२५ मध्ये २० टक्के मिळवायचे नाहीत. ०.८ ने भागायचं: १०,९०६. कोटेशन १०,९०० चं. पडतळीवर २० टक्के चढवले असते तर किंमत १०,४७० झाली असती आणि विक्रीवर नफा १६.७ टक्केच उरला असता. दोन्ही पद्धती चालतात, पण आपण कोणती वापरतो हे कोटेशन काढणाऱ्याला आणि मालकाला सारखंच माहीत हवं.

जॉब संपला तेव्हा कार्डावर १३ तास निघाले. पाऊण तास माल चढवा-उतरवायला, कोटेशनमध्ये तो धरलाच नव्हता. एक तास गिऱ्हाइकाने पायांच्या भोकांचं अंतर बदललं म्हणून. सव्वा तास वेल्डिंगने वाकलेली प्लेट सरळ करायला. तीन तासांचे ८१९ गेले आणि नफा २,१७५ वरून १,३५६ वर आला. माल अगदी अंदाजाबरहुकूम लागला, तरी तीन तासांनी नफ्याचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग खाल्ला.

या तीन तासांची तीन वेगळी औषधं आहेत. चढवा-उतरवीसाठी कोटेशनच्या तक्त्यात कायमची ओळ घाला. भोकांचा बदल लेखी घेऊन बिलात लावा, लहान असला तरी. प्लेट वाकली ती वेल्डचा क्रम चुकल्याने किंवा माप मोठं झाल्याने, ते वर्कशॉपमध्येच सुटेल. नुसते '१३ तास' लिहिले असते तर यांतलं काहीच कळलं नसतं. म्हणून कार्डावर कामाचा रकाना हवा.

किलोच्या दराबद्दल

फॅब्रिकेशनमध्ये किलोवर दर द्यायची पद्धत इतकी रुळली आहे की गिऱ्हाईकच तो मागतं. वरचा स्टँड निव्वळ ८७ किलोचा, म्हणजे किलोला १२५ पडले. आता हाच दर पातळ चौकोनी नळीच्या जाळीदार दाराला लावा. वजन निम्मं, सांधे चौपट, ग्राइंडिंग तर विचारूच नका. तासांना वजन नसतं, आणि किलोचा दर नेमके तेच विसरतो. गिऱ्हाइकाला किलोत सांगायचं असेल तर खुशाल सांगा, पण आधी तासांवर किंमत काढा आणि मग वजनाने भागा. उलट करू नका.

दुरुस्तीची तऱ्हा वेगळी

फॅब्रिकेशनमध्ये काय करायचं हे ड्रॉइंगवर असतं. दुरुस्तीत ते उघडल्याशिवाय कळत नाही. म्हणून एकच एक कोटेशन देणं हा जुगार आहे. दोन टप्पे करा. पहिला टप्पा उघडून तपासण्याचा, त्याचे तास ठरलेले आणि पैसे घेतलेच जातील असे. काम पुढे नेलं तर ती रक्कम अंतिम बिलात वळती करा किंवा करू नका, पण जोडून परत द्यायलाही तास लागतात हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा. 'बघून सांगतो, पैसे नाही लागणार' हे वाक्य वर्कशॉपमधलं सगळ्यात महाग वाक्य आहे.

पंपाचं उदाहरण घ्या. तक्रार आहे सील गळतं. उघडल्यावर दिसतं की बेअरिंग गेलंय, त्यामुळे शाफ्ट थरथरतोय आणि सील बसतं त्या जागी शाफ्टवर खाच पडली आहे. नुसतं सील बदललं तर थोड्या दिवसांत पंप परत दारात. आता पर्याय मांडायचे: शाफ्टला स्लीव्ह बसवणं, भरून टर्निंग करणं किंवा नवा शाफ्ट. प्रत्येकाचे तास, भाग आणि वेळ लिहून गिऱ्हाइकाचा होकार लेखी घ्यायचा, फोनवरच्या मेसेजवर आला तरी पुरे. सोबत एक मर्यादाही ठरवून ठेवावी: इतक्या रकमेपर्यंतचं वाढीव काम न विचारता करा. नाहीतर एका ऑइल सीलसाठी जॉब दोन दिवस बेंचवर अडून बसतो.

मशीन आत घेताना तिचा नंबर, फोटो आणि आधीपासून तुटलेलं-हरवलेलं सगळं कार्डावर लिहा. गिऱ्हाइकाने स्वतःचा माल किंवा भाग आणून दिला तर तो तुमच्या साठ्यात किमतीने धरायचा नाही. त्याची फक्त नगांची नोंदवही ठेवायची. बदललेले जुने भाग पिशवीत बांधून जॉब नंबर लावून ठेवले, तर बिलावरची घासाघीस निम्म्याने कमी होते.

सुटे भाग खरेदीच्याच किमतीला देणारी बरीच वर्कशॉप आहेत, गिऱ्हाईक बाहेर भाव विचारेल या भीतीने. पण तो भाग शोधणं, आणणं, चुकीचा आला तर परत करणं आणि तो बिघडला तर पुन्हा बसवून देणं हे कुणाच्या वेळात होतं? भागावर ठरावीक चढ लावा, आणि तोच दर सगळ्यांना.

तक्रारीवर परत आलेलं काम जुन्या कार्डावर चढवू नका. त्याला 'त' चा नवा नंबर द्या, मूळ नंबराचा उल्लेख करा आणि खर्च 'हमीची कामं' या खात्यात टाका. वर्षाअखेरीला हे खातं सांगतं की कोणत्या प्रकारची दुरुस्ती आपल्याला जमत नाही.

अर्धवट कामं आणि आगाऊ रक्कम

आगाऊ रक्कम आली की विक्री झाली असं वाटतं. ती विक्री नाही, देणं आहे. काम पूर्ण होऊन बिल निघेपर्यंत ती 'गिऱ्हाइकांकडून आगाऊ' या खात्यात राहते. गिऱ्हाइकाकडून गोळा केलेला विक्रीवरचा करही असाच, तो आपला नाही. आगाऊवर कर कधी भरायचा याचा नियम मात्र तुमच्या इथल्या कर सल्लागाराकडून पक्का करून घ्या.

स्टोअरमधून माल जॉबवर गेला की 'अर्धवट कामं' खात्याला नावे, साठ्याला जमा. आठवड्याला कार्डांवरून तासांची रक्कमही तिथेच नावे. जॉब गेला, बिल झालं, की तिथून काढून 'विकलेल्या कामाची पडतळ' खात्यात टाका. महिनाअखेरीला या खात्यात उरलेली रक्कम आणि वर्कशॉपमध्ये उभ्या असलेल्या उघड्या जॉब कार्डांची बेरीज जुळली पाहिजे. जुळत नसेल तर बहुधा एखादा जॉब बिल न होताच गेलेला असतो. असा एक जॉब सापडला तरी या उपद्व्यापाचे पैसे वसूल होतात.

खातेवहीत अर्धवट कामाची किंमत धरताना नेहमीची छाटण चालते. चुकीने कापलेला अख्खा पत्रा किंवा दुसऱ्यांदा केलेलं वेल्डिंग धरायचं नाही. आयएएस २ प्रमाणे असाधारण नासाडी हा त्या काळाचा तोटा असतो. जॉब कार्डावर मात्र ती लिहायचीच, वेगळ्या खुणेने. सरकारी कागद आणि आपल्या नजरेसाठीचा कागद यांचं काम निराळं.

महिनाअखेरीचा अर्धा दिवस

तीन जुळण्या करा. पहिली: हजेरीचे तास आणि कार्डांचे तास यांतला फरक, आणि तो कशात गेला. दुसरी: वरकड खर्चाची वसुली. वरच्या वर्कशॉपला महिन्याला सुमारे ३९२ तास विकायचे आहेत. समजा ३४० च विकले, तर १२० प्रमाणे ४०,८०० वसूल झाले, खर्च ४७,०००. तूट ६,२००. ही तूट दर वाढवून भरायची नाही, काम मिळवून किंवा खर्च कापून भरायची. हीच तूट सहा महिने सलग राहिली, तरच क्षमतेचा अंदाज बदला. तिसरी: बंद झालेल्या प्रत्येक जॉबचा अंदाज आणि प्रत्यक्ष, शेजारी शेजारी.

यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. साधी स्प्रेडशीट पुरते: एका ओळीत एक जॉब, रकान्यांत प्रकार, अंदाजित तास, लागलेले तास, माल, बाहेरचं काम, बिल, बिलाची तारीख, पैसे आल्याची तारीख. महिन्याला शंभर-दीडशे जॉब होऊ लागले की मग सॉफ्टवेअरचा विचार करा. तोवर कार्डं भरण्याची सवय लागलेली असेल.

शेवटचे दोन रकाने उगाच नाहीत. २० टक्क्यांचा जॉब चार महिने उधारीत राहिला आणि तुम्ही लोखंडवाल्याला तीस दिवसांत पैसे देत असाल, तर मधल्या काळाचं व्याज तुमच्या खिशातून जातं. प्रकारवार आणि गिऱ्हाईकवार गाळणी लावली की दोन याद्या निघतात: तास नेहमी वाढतात अशी कामं, आणि पैसे नेहमी उशिरा येतात अशी गिऱ्हाइकं. पहिल्या यादीतल्या कामांच्या अंदाजात मागच्या जॉबच्या खऱ्या तासांची सरासरी घाला, कारागिराच्या तोंडी अंदाजावर जाऊ नका. दुसऱ्या यादीतल्यांना पुढच्या कोटेशनपासून किमान मालाएवढी रक्कम आगाऊ लावा, आणि ती जमा झाल्याशिवाय जॉब नंबर पाडू नका.